दुपारी दोननंतरची कुपी

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट चढत होती आणि वर्तमानपत्रांची पहिली पाने रुग्णसंख्येने भरलेली होती. त्याच दिवसांत बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. तिघेही वर्षाच्या आतबाहेरचे. लशीच्या कुप्या एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, असे चौकशीच्या बातम्यांतून पुढे आले. दोन कर्मचारी निलंबित झाले आणि काही दिवसांत बातमी मागे पडली.

त्या बातमीत एक गोष्ट उलगडून सांगितलेली नव्हती. फ्रिज चुकीचा निवडला, लस तापली, तर लस निकामी व्हायला हवी. टोचून काही उपयोग झाला नाही, इथवर नुकसान समजते. पण मूल मरते कशाने?

याचे उत्तर कुपीत आहे आणि मुलाच्या रक्तातही आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशी खवळून उठतात तेव्हाच त्यांच्या मरणाची सोय शरीर करून ठेवते. त्यासाठी खास प्रथिने आहेत. ही प्रथिने दिवसांच्या हिशोबाने काम करतात. दूषित कुपीतले विष तासांच्या हिशोबाने करते. सगळा अनर्थ या दोन घड्याळांमधल्या फरकात घडतो.

खाली जे तास मांडले आहेत ते रामदुर्गच्या कोणत्याही एका मुलाचे नाहीत, आणि त्या प्रकरणाचा निवाडाही इथे करायचा नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू शिरलेल्या कुपीतून लस टोचली गेली की काय होते, हे वैद्यकशास्त्राने जगात ठिकठिकाणी नोंदवून ठेवले आहे. त्यावरून हे घड्याळ लावले आहे. जागा निपाणी भागातले कोणतेही गाव समजा.

पहिला दिवस, सकाळी १०

अंगणवाडीची खोली. आशाताईंनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन निरोप दिलेला असतो. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका कामाला निघण्याआधी डोस उरकून घ्यायला लवकर येतात. घरी विड्या वळणाऱ्या जरा उशिरा. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइस पॅकच्या मधोमध कुप्या असतात, २ ते ८ अंश तापमानात. गोवर-रुबेलाच्या कुपीत तळाशी सुकवलेल्या लशीची छोटी वडी असते. सिस्टर वेगळ्या कुपीतले निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये ओढतात, त्या वडीवर सोडतात, हलवतात. आता ती लस झाली, पाच किंवा दहा मुलांना पुरेल इतकी. कुपीच्या लेबलवर वेळ लिहायची असते: १०.००.

या पाण्यात जंतू मारणारे कोणतेही औषध नसते, कारण ते घातले तर लशीतला जिवंत विषाणूही मरेल. लशीच्या वडीत जिलेटिन, सॉर्बिटॉल, अमिनो आम्ले असे पदार्थ मात्र असतात. विषाणू टिकावा म्हणून ते घातलेले असतात, पण एखादा जंतू आत शिरला तर त्यालाही ते पुरतात.

अनेक डोसांच्या कुपीत जंतुनाशक असलेच पाहिजे हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात बंडाबर्ग नावाचे गाव आहे, उसाच्या मळ्यांचे. तिथे २७ जानेवारी १९२८ रोजी २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली. एकाच रबरी बुचाच्या बाटलीतून. ती बाटली दहा दिवस आधी उघडलेली होती, मधल्या दिवसांत तिच्यातून इतर मुलांना लस दिलीही होती आणि त्यांना काही झाले नव्हते. उन्हाळा होता आणि बाटली थंडीत ठेवलेली नव्हती. त्या २१ पैकी १८ मुले आजारी पडली आणि १२ गेली, दोन दिवसांच्या आत.

सरकारने शाही आयोग नेमला. अध्यक्ष होते चार्ल्स केलवे, मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेचे संचालक. त्यांच्या संस्थेतल्या तिशीही न गाठलेल्या मॅकफार्लेन बर्नेट या डॉक्टरने बाटलीतून आणि वाचलेल्या मुलांच्या दंडावरच्या गळवांतून एकच जंतू वाढवून दाखवला, स्टॅफिलोकॉकस. लशीत दोष नव्हता, दोष बाटलीत होता. ज्या औषधात जंतू वाढू शकतो ते पुन्हापुन्हा उघडायच्या बाटलीत द्यायचे असेल तर त्यात पुरेसे जंतुनाशक हवेच, असे आयोगाने बजावले. गोवराच्या लशीला हा उपाय लागू पडत नाही. म्हणून तिच्यासाठी जंतुनाशकाच्या जागी घड्याळ आले: आपल्याकडे चार तास.

दुपारी २

कुपी उघडून चार तास झाले. शिल्लक किती का असेना, ती आता फेकायची. सत्र त्याआधी संपले तर त्याआधीच. काही इतर लशींची उघडलेली कुपी, अटी पाळल्या तर, पुढच्या सत्रात वापरता येते. गोवर-रुबेलाची कधीच नाही.

चारच तास का, हे साध्या गुणाकारात कळते. उबदार जागी आणि पोटाला मिळत असेल तर हा जंतू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. एकापासून सुरुवात धरली तर चार तासांत २५६. आठ तासांत ६५ हजारांवर. बारा तासांत दीड कोटीच्या पुढे. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्ष कुपीत वाढ याहून मंद असू शकते. पण वाढीची जात हीच. पहिले चार तास तुमच्या हातात असतात, नंतरचे नसतात. आणि जंतू कुठून आला हे शोधायला लांब जायला नको. तो आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नाकात आणि कातडीवर एरवीही असतो. एक न धुतलेला हात पुरतो.

बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोचे मैदान आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना आता ते झाडांमुळे ठाऊक असते. एके काळी तिथे मुंबई इलाख्यासाठी देवीची लस बनत असे. ती लस वासराच्या कातडीवर वाढवावी लागे, त्यामुळे कातडीवरचे जंतू तिच्यात उतरणारच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर तोड निघाली: लस ग्लिसरीनमध्ये मिसळून काही आठवडे ठेवायची. जंतू मरत, देवीचा विषाणू तग धरून राही. आपल्याच शहरात हे ज्ञान एवढे जुने आहे. गोवराचा विषाणू नाजूक. त्याला ग्लिसरीनही नाही आणि आठवड्यांची सवडही नाही.

अडचणही खरी आहे, ती झाकून उपयोग नाही. दुपारी एकच मूल येते आणि त्याच्यासाठी पाच डोसांची नवी कुपी फोडायची असते. महिनाअखेर वाया गेलेल्या डोसांचा हिशोब द्यायचा असतो. उपकेंद्रात वीज नसते, पुढचे गाव आठ किलोमीटरवर असते, मदतीला कोणी नसते. नियम म्हणतो, एका मुलासाठीही कुपी फोडा. तो नियम बरोबर आहे. पण एकट्या सिस्टरच्या खांद्यावर तो टाकून वरच्या सगळ्यांनी हात झटकणे बरोबर नाही. वाया गेलेल्या डोसाबद्दल जिथे जाब विचारला जातो, तिथे उरलेली कुपी पिशवीत जाते.

आपण धरून चालू की ती आज पिशवीत गेली. तिथून कोणाच्या तरी घरगुती फ्रिजमध्ये, दुधाच्या आणि पिठाच्या शेजारी, जिथे दार दिवसातून शंभरदा उघडते आणि गारवा टिकत नाही.

दुसरा दिवस, सकाळी ११

दुसऱ्या गावात सत्र. कालचीच कुपी. तिच्यात बघून काही कळत नाही. द्राव कालच्यासारखाच दिसतो. पण रात्रीत जंतूंनी तिच्यात प्रथिने सोडलेली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव टीएसएसटी-१, जेमतेम १९४ अमिनो आम्लांची साखळी. याच कुळातली आणखीही आहेत. शिळ्या पेढ्याने किंवा बासुंदीने अख्ख्या पंगतीला उलट्या होतात ती त्यांच्यातलीच. ही प्रथिने चिवट असतात, उकळूनही सहज मोडत नाहीत. जंतूला प्रतिजैविक मारते, पण तयार होऊन बाहेर पडलेल्या विषाला ते हातही लावू शकत नाही.

उजव्या दंडाला, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर. मूल रडते. आई त्याला छातीशी धरते.

या वयाच्या मुलाची एक खास अडचण आहे. मोठेपणी आपल्या बहुतेकांच्या रक्तात या विषाला अडवणारी प्रतिपिंडे असतात, कारण आयुष्यात कुठेतरी त्याची थोडी थोडी गाठ पडलेली असते. आईकडून आलेली प्रतिपिंडे पहिल्या वर्षात विरत जातात आणि स्वतःची अजून बनलेली नसतात. गोवराची लस द्यायची ती नेमकी याच वयात.

दुपारी १२

एक तास झाला. मूल झोपलेले किंवा खेळणारे. बाहेरून काही नाही.

आत एक गोष्ट चुकीच्या रीतीने घडू लागली आहे. एरवी काय होते ते आधी बघू. जंतू किंवा विषाणू आला की पहारेकरी पेशी त्याला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा आपल्या पृष्ठभागावरच्या खाचेत ठेवून टी-पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पेशींना, दाखवतात. प्रत्येक टी-पेशीचा ग्राही, म्हणजे तुकडा ओळखणारे प्रथिन, वेगळा. तो तुकडा ज्या टी-पेशीला बसतो तीच जागी होते, बाकीच्या पुढे जातात. एका तुकड्यासाठी अशा पेशी फार थोड्या असतात: दहा हजारांत एक, बरेचदा लाखात एक. तेवढ्या जाग्या होतात, वाढतात, लढतात.

टीएसएसटी-१ खाचेत बसत नाही. ते बाहेरच्या बाजूने पहारेकरी पेशीला आणि टी-पेशीला एकत्र चिकटवते. तुकडा कोणता आहे याची चौकशीच होत नाही. टी-पेशीच्या ग्राहीच्या एका भागाचे ठरावीक वाण असतात. त्यांतले एक वाण ज्या ज्या पेशीवर असेल ती प्रत्येक पेशी जागी होते. शंभरात पाच, दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त. जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या गटाने १९८९ मध्ये अशा प्रथिनांना सुपरअँटिजेन हे नाव दिले. हा आजार मात्र त्याआधी ओळखला गेला होता. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड यांनी १९७८ मध्ये सात मुलांची हकिकत लिहून त्याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हटले.

दुपारी ३

जाग्या झालेल्या टी-पेशी आणि त्यांना चिकटलेल्या पहारेकरी पेशी संदेश सोडू लागतात. पहिला टीएनएफ, एक-दोन तासांतच. मग इंटरल्युकिन-२, इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्युकिन-६. थोड्या प्रमाणात हे संदेश जीव वाचवतात: ताप आणतात, रक्तवाहिन्या किंचित सैल करतात, म्हणजे लढणाऱ्या पेशींना बाहेर पडून जखमेपाशी पोचता यावे. दंडावरच्या एका ठिपक्यासाठी ही योजना उत्तम आहे. आता तीच योजना सगळ्या अंगभर एकाच वेळी लागू झाली आहे.

मारणारे कोण, विष की आपल्याच पेशी, हा प्रश्न १९९० च्या सुमारास उंदरांवर तपासला गेला. टी-पेशी नसलेल्या उंदरांना याच कुळातले विष दिले; ते वाचले. टी-पेशी असलेले आजारी पडले, मेले. टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड आधी दिले तर तेही वाचले. म्हणजे विष फक्त उठवते. पुढचा सगळा संहार आपल्याच फौजेचा.

संध्याकाळी ६

मूल किरकिर करते. अंग तापलेले. घरात कोणाला विशेष वाटत नाही. डोसाचा ताप म्हणतात आणि पॅरासिटामॉलचे थेंब देतात.

इथे घरच्यांना माहीत असायला हवी अशी एक गोष्ट आहे. गोवराच्या लशीचा स्वतःचा ताप त्याच संध्याकाळी येत नाही. लशीतला विषाणू अंगात वाढायला वेळ घेतो. त्याचा ताप, आला तर, पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो. घोळ असा की दीड वर्षाच्या मुलाला त्याच वेळी डीपीटीचा डोसही दिलेला असतो आणि त्याने त्याच रात्री ताप येऊ शकतो. म्हणून नुसत्या तापावरून निदान होत नाही. पण तापाबरोबर उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, त्याच दिवशी, काही तासांच्या आत, तर तो डोसाचा ताप नव्हे. तिथे सकाळची वाट बघायची नसते. आणि शेजारच्या घरातल्या, त्याच सत्रात टोचलेल्या मुलाचेही तसेच असेल तर एका क्षणाचाही विचार करायचा नसतो. बंडाबर्गला असेच झाले होते. एकाच गावातल्या घराघरांतून एकाच रात्री मुले आजारी पडली.

रात्री १०

अकरा तास. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत. रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर, मांसात, झिरपतात. जुलाबावाटे जाते ते निराळेच. मुलाचे हृदय जोर लावून धावते: मिनिटाला १६०, १८०. लहान मुलांची हीच फसवी बाजू आहे. त्यांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो, कारण हृदय वेग वाढवून भरून काढत असते. दाब पडलेला दिसतो तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून त्याआधीच्या खुणा बघायच्या. हातपाय गार आणि पोट तापलेले. लंगोट कित्येक तास कोरडा. छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडले की पांढरा पडलेला ठिपका तीन सेकंदांतही गुलाबी होत नाही. मूल ओळख देत नाही, किंवा रडायचेच थांबते.

निपाणीकर अशा वेळी बेळगावला जात नाहीत. बेळगाव पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. राज्याची हद्द कागदावर असते, मूल काखोटीला मारून निघालेला बाप हमरस्त्याने कोल्हापूरच गाठतो. रामदुर्गच्या माणसाला तेही नशिबात नाही. त्याला जिल्ह्याचे गाव गाठायला शंभरेक किलोमीटर तोडावे लागतात. यातला प्रत्येक तास मुलाच्या रक्तातून जातो.

मध्यरात्रीनंतर

मरण देणारी प्रथिने आता कुठे आहेत? इतक्या पेशी खवळल्या, तर त्यांना आवरणारे कोणी नाही का?

आहेत, आणि ती फार सुंदर व्यवस्था आहे. सुगीला आणलेली माणसे सुगी संपल्यावर आपापल्या गावी परततात, तशा लढाईनंतर जाग्या झालेल्या टी-पेशी नाहीशा होतात. शंभरातल्या नव्वदहून जास्त मरतात, पाच-दहा उरतात. उरतात त्या आठवण धरून राहतात आणि लसीकरण उभे आहे ते त्यांच्याच जोरावर.

मरणही कसे, तर गाजावाजा न होता. पेशी आक्रसते, तिचा गाभा आवळतो, तिचे छोटे पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. आग नाही, सूज नाही. अशा मरणाला १९७२ मध्ये अपॉप्टोसिस हे नाव मिळाले. ते देणाऱ्या तिघांपैकी जॉन केर हे ब्रिस्बेनचे, म्हणजे बंडाबर्गच्याच क्वीन्सलँडचे.

या मरणाला दोन वाटा आहेत. पहिली बाहेरून. पेशीच्या पृष्ठभागावर फास नावाचे प्रथिन असते. त्याला फास-लिगँड येऊन भिडले की आत कॅस्पेज नावाची कापणारी प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि पेशीला आतून कुरतडतात. या फासचे जनुक जपानच्या शिगेकाझू नागाता यांच्या गटाने १९९१ मध्ये शोधले. पुढच्याच वर्षी कळले की ज्या उंदरांच्या गाठी विनाकारण सुजत राहतात त्यांच्यात याच फासचे जनुक बिघडलेले असते. त्यांच्या पेशी जाग्या होत, पण मरत नसत. १९९५ मध्ये हाच बिघाड माणसांच्या मुलांत सापडला. मान आणि काखेतल्या गाठी वर्षानुवर्षे सुजलेल्या, प्लीहा वाढलेली, आणि आपल्याच रक्तपेशींवर हल्ला. मरायला विसरलेल्या पेशींचा तो आजार.

दुसरी वाट आतून. पेशीत बीसीएल-२ नावाचे प्रथिन तिला जगवत असते. डेव्हिड व्हॉ, सुझन कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले की हे प्रथिन पेशीला वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. त्याच्या विरोधात बिम नावाचे प्रथिन आहे, १९९८ मध्ये सापडलेले. जाग्या झालेल्या पेशीला पोषणाचे संदेश मिळेनासे झाले की बीसीएल-२ उतरते, बिमचे पारडे जड होते, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला भोके पडतात आणि खेळ संपतो. आणखी चार वर्षांनी, २००२ मध्ये, मॅरॅक आणि कॅपलर यांच्याच गटाने सुपरअँटिजेनने खवळलेल्या उंदरांच्या पेशी घेऊन विचारले: या मरतात त्या कोणामुळे? फासमुळे नव्हे. उत्तर आले बिम.

बीसीएल-२ आणि बिम यांचे १९८८ आणि १९९८ चे काम कुठे झाले? मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत, जिथून १९२८ मध्ये केलवे बंडाबर्गला गेले होते. तिथेच बर्नेट पुढे दोन दशके संचालक होते. आपल्याच अंगावर उठणाऱ्या पेशी शरीर आधीच मारून टाकत असावे, हा विचार त्यांनी मांडला. शरीर स्वतःला कसे सहन करते या प्रश्नावरच्या कामासाठी १९६० चे नोबेल त्यांना पीटर मेडावर यांच्याबरोबर मिळाले. बारा मुलांच्या मृत्यूचे कारण शोधणारी संस्था साठ वर्षांनी पेशींच्या मृत्यूचे कारण शोधत होती. मला हा योगायोग वाटत नाही. ज्या संशोधकाने तरुणपणी त्या बाटलीतला जंतू वाढवला, त्यालाच पुढे हा प्रश्न पडला: शरीराने कोणाला मारायचे आणि कोणाला ठेवायचे, हे ठरते कसे.

आता मुलाकडे. पहिल्यांदाच जागी झालेली टी-पेशी लगेच मरत नाही. तिला मारणे शरीराला परवडणारही नाही. जंतूशी लढायला तिला काही दिवस द्यावेच लागतात. त्या दिवसांत फासचा निरोप आला तरी पेशीतली रोखणारी प्रथिने तो दाबून ठेवतात. इंटरल्युकिन-२ आधी पेशीला वाढवते आणि तेच तिला पुढच्या मरणासाठी तयार करते, पण या तयारीला दिवस लागतात. उंदरात सुपरअँटिजेन दिल्यावर खवळलेल्या पेशी दोन दिवस वाढतच जातात. ओहोटी त्यानंतर लागते आणि चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत त्या ओसरतात.

मुलाला लस टोचून चौदा-पंधरा तास झाले आहेत. बिमला अजून दोन दिवस हवेत.

तिसरा दिवस, पहाटे ४

सतरा तास. दवाखान्यात पोचले असेल तर शिरेतून सलाइन जोरात जाते, मग रक्तदाब धरून ठेवायला अॅड्रेनॅलिन. अनेक ठिकाणी प्रतिजैविकांत क्लिंडामायसिन मुद्दाम घालतात, कारण ते जंतूचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच बंद करते. नवे विष तयार होत नाही. आधीच सुटलेल्या विषाला अडवण्यासाठी अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे देतात. ही महाग असतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात नसतात. श्वास धाप लागून चालतो, कारण फुप्फुसातही पाणी झिरपू लागलेले असते. मग नळी, मग व्हेंटिलेटर.

पोचले नसेल तर बंडाबर्गच्या नोंदी उपलब्ध आहेत. चोवीस तासांच्या आत पहिले मृत्यू. उलट्या, जुलाब, झटके, बेशुद्धी.

दक्षिण सुदानमध्ये नाचोडोकोपेले या गावी मे २०१७ मध्ये, गोवराच्या मोहिमेत, पंधरा मुले गेली. तिथे लस मिसळण्याची एकच सिरिंज चार दिवस वापरली होती आणि लस त्या सगळ्या दिवसांत थंडीविना होती. बंडाबर्गनंतर एकोणनव्वद वर्षांनी.

हे सगळे वाचून एखाद्या आईला वाटेल, मग डोसच नको. तिने हेही ऐकावे. गोवराचा विषाणू ज्या दाराने पेशीत शिरतो ते दार आठवण धरणाऱ्या टी आणि बी-पेशींवरही असते. तो त्यांना मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासले गेले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुलांनी इतर आजारांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवर निघून जातो आणि मूल पुढे न्यूमोनियाने, जुलाबाने जाते. बेळगाव, कोल्हापूर, निपाणीच्या घराघरांत आजीच्या आठवणीत असे एखादे मूल असते. लस घ्यायचीच. सत्रात गेल्यावर आईने एवढेच विचारायचे: सिस्टर, कुपी किती वाजता फोडली? वेळ लेबलवर लिहिलेली असते. विचारल्याचा राग यायचे काही कारण नाही. चांगल्या सिस्टर ती न विचारता दाखवतात.

पाचवा दिवस आणि नंतर

जी मुले वाचतात त्यांच्यात आता बिमचे काम चालू होते. खवळलेल्या पेशी हजारोंनी, लाखांनी मुकाट्याने मरतात. ताप उतरतो, लघवी पुन्हा सुरू होते, रक्तवाहिन्यांचे अस्तर सांधते. एक ते दोन आठवड्यांनी तळहात आणि तळपायांची साल निघू लागते. या आजाराची ती ठळक खूण आहे आणि घरचे तिला घाबरतात, पण तोवर मूल धोक्यातून बाहेर आलेले असते.

एक गोष्ट मात्र उरते. सुपरअँटिजेनने उठवलेल्या आणि मग मेलेल्या पेशींमागे नीट आठवण उरत नाही. ज्या पेशी प्रतिपिंडे बनवायला मदत करतात त्याही त्याच लाटेत गेलेल्या किंवा निपचित पडलेल्या असतात. त्यामुळे या आजारातून उठलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात त्याच विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि आजार पुन्हा येऊ शकतो. एखादे भाजणे, चिघळलेले गळू, एवढेही निमित्त पुरते. दवाखान्याने घरी सोडताना हे कागदावर लिहून द्यायला हवे आणि आईबापांनी तो कागद जपायला हवा.

गोवराचा डोसही त्या मुलाचा बाकीच धरावा लागतो. पाणी मिसळल्यानंतर ही लस ३७ अंशांच्या उकाड्यात राहिली तर तासाभरात तिची जवळजवळ सगळी ताकद जाते. दुसऱ्या दिवशी त्या दंडात गेलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये गोवराला अडवू शकेल असे फारसे काही उरलेले नसणार.